आवाज पुढे, सुरमई मागे

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मिठाईच्या डब्याएवढ्या एका कंप्युटरने भर दुपारी एका सज्जन माणसाचे शब्द दुसऱ्या सज्जन माणसाच्या तोंडात घातले आणि दोघांनाही मान खाली घालायला लावली, हे कुठल्या शहाण्याला पटेल? पण मुलाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन अजून पोचलेली नाहीत, आणि हळद आल्याशिवाय या मांडवात कुणी चहासुद्धा विचारणार नाही. तेव्हा खुर्च्या जवळ ओढा. नवरीचा बाप दारात उभा आहे, त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या बेताने बोलतो.

तर हा नवरीचा बाप, चंद्रप्रकाश. मूळचा मालवणाकडचा, बाप गिरणीत, हा एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, आता निवृत्त. निवृत्त माणूस एक तर देवाला लागतो नाहीतर यंत्राला. चंद्रप्रकाश यंत्राला लागला. कुणाच्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला एक छोटा कंप्युटर त्याने आणला, टीव्हीच्या मागे पट्टीने चिकटवला आणि चारकोपच्या त्या दोन खोल्यांना ‘थेटर’ असं नाव दिलं. वीज कमी खातो, आवाज करत नाही, सिनेमा लोण्यासारखा चालवतो, असं तो येईल त्याला सांगायचा. पोस्टमनलाही सांगितलं होतं.

बायको प्रेमा म्हणायची, “लोण्यासारखा चालतो ना, मग दर वेळी टीव्हीच्या मागे डोकं घालून काय करता?”

“सेटिंग करतो.”

“आम्ही लोण्याला सेटिंग करत नाही.”

एकुलती एक मुलगी रुचिरा. तिचं जमलं अल्पेशशी, गोराईच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी. मुलगा गोरेगावला एका स्टुडिओत एडिटिंग करतो. त्याचे वडील तुळशीदास, स्वतःची बोट आहे. आई मथुराबाई. बोटीवरची मासळी मथुराबाईंच्या हातून गेल्याशिवाय बाजारात जात नाही. साखरपुड्याला त्यांनी हट्टाने सुरमई आणली होती. स्वतः निवडून, स्वतः कापून, स्वतः उभं राहून तळून घेतलेली. हे नीट ध्यानात ठेवा. कोळणीच्या घरच्या मासळीला नाव ठेवणं म्हणजे भटजीच्या मंत्राला नाव ठेवणं नव्हे. भटजी दक्षिणा घेऊन विसरतो.

साखरपुड्याचं शूटिंग अल्पेशच्या मुकुल नावाच्या मित्राने केलं. जेवणाच्या टेबलावर फुलदाणीत त्याने एक छोटा माइक खोचून ठेवला होता, नातेवाइकांचं बोलणं टिपायला. सगळं न कापता अल्पेशच्या हातात दिलं. अल्पेशने ते तसंच, न बघता, अगदी नव्या फॉरमॅटमध्ये दाबून पेनड्राइव्हवर भरलं आणि ठरलं की दोन्ही घरांनी एकत्र बसून बघायचं, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सांगायचं.

“काका, फॉरमॅट नवीन आहे. तुमच्या मशिनला झेपेल ना?” त्याने फोनवर विचारलं.

चंद्रप्रकाश दुखावला. “अरे, तू फक्त आईबाबांना घेऊन ये. बाकी माझं थेटर बघून घेईल.”

रविवारी दुपारी मंडळी आली. चहा झाला, पोहे झाले. चंद्रप्रकाशने पडदे ओढले, दिवे घालवले आणि रिमोट असा उचलला की जणू आरतीचं ताट. व्हिडिओ सुरू झाला. हॉल दिसला, फुलं दिसली, रुचिरा दिसली आणि तिथेच थांबली. एक हात वर, एक डोळा मिटलेला. आवाज मात्र पुढे चालू.

“चालू होतंय, चालू होतंय,” चंद्रप्रकाश म्हणाला. “गरम व्हायला वेळ लागतो.”

गरम झालंच. डब्याच्या आतला बारका पंखा गिरणीच्या भोंग्यासारखा ओरडायला लागला. चित्र एक पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा एक पाऊल. आवाजाला तसली अडचण नव्हती, तो मोकळ्या रस्त्याने सुटला होता. टाळ्या आधी वाजल्या, अंगठी नंतर चढली. प्रेमाने चित्रात तोंड उघडलं आणि त्यातून सनई आली. पडद्यावर भटजी नारळ हातात घेऊन उभे होते, तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, “लाख मोलाचा मिलाला.” भटजी नारळालाच म्हणतायत असं वाटून सगळे एवढे हसले की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

“बाबा, फोनवर बघू या ना,” रुचिरा म्हणाली.

“फोनवर काय मुंग्यांएवढी माणसं बघायची? थेटर आहे घरात.”

प्रेमाने टीव्हीच्या मागे हात घालून पाहिला. “डबा तापलाय. भाकऱ्या भाजून घेऊ का चार?”

तोवर चित्र कसंबसं जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं. पडद्यावर तुळशीदास होते. हातात ताटली, फुलदाणीशेजारी उभे, कुणाच्या तरी कानाशी वाकलेले. ओठ हलले. आणि टीव्हीतून स्वच्छ कुजबुज आली, “सुरमई परवाची वाटते रे. पण गप गिळायची. आपलेच लोक आहेत.”



आता गंमत बघा. कुजबुजीला आवाज नसतो. तुमची, माझी, तुळशीदासांची, सगळ्यांची कुजबुज सारखीच. पण ते वाक्य कुणाचं आहे हे त्या खोलीत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानेच धाकट्या भावाच्या, सर्वेशच्या कानात सांगितलं होतं. चंद्रप्रकाशच्या हातातला रिमोट घामाने ओला झाला.

मथुराबाई नवऱ्याकडे वळल्या. “आवो. तुमी बोललाव ह्या?”

“मी?” तुळशीदास पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर त्यांचे ओठ अजून अर्धवट उघडे, अडकलेले. “मी कशाला असा बोलन?”

“त्वांड तुमचाच हाय ना?”

“त्वांड माजाच हाय,” तुळशीदासांनी कबूल केलं. साखरपुड्याच्या दिवशी बोटीवरच्या मित्रांनी त्यांना पिण्याचा जरा जास्तच आग्रह केला होता, त्यामुळे आपण काय बोललो आणि काय नाही, याची खात्री त्यांना स्वतःलाच नव्हती. “बोललो असन तर… चुकला माजा.”

“माज्या हातची सुरमई. अंधारात उठून निवडलेली. आनि परक्यांसमोर तुमी तिला शिली बोलताव.”

तुळशीदासांनी मान खाली घातली. मग चंद्रप्रकाशपुढे हात जोडले. “व्याही, तुमच्यासमोर लाज गेली माजी. मनाला लावून घेव नका.”

चंद्रप्रकाशने काय करावं? सरळ सांगावं, मीच तो. दोन शब्दांचं काम. त्याने तोंड उघडलंही, “मी काय म्हणतो, तुळशीदासराव…”

“तुम्ही गप बसा,” प्रेमा म्हणाली. “तुमच्या मशिनने आधीच काय कमी वाट लावलीय?”

आणि तो गप बसला. बायकोचं मुकाट ऐकायला त्याने नेमका तोच दिवस निवडला. मुलीच्या सासूने मासळीवरून डोळे वटारले तर उद्या रुचिराला त्या घरात कोण काय ऐकवील, याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता. आणि दुसरीकडे बिचारे तुळशीदास पोह्यांच्या रिकाम्या बशीत चमचा फिरवत होते. चंद्रप्रकाशला त्यांच्याकडे बघवेना. पण मनात कुठेतरी हायसंही वाटत होतं, आणि हायसं वाटतंय म्हणून आणखी लाज वाटत होती.

इथवर निभावलं असतं. पण अल्पेश टीव्हीसमोर उकिडवा बसून सेटिंग उघडत होता. “काका, हे बघा. हार्डवेअर डिकोडिंग बंद आहे. कोणी बंद केलं?”

“मीच. वीज खातं.”

“अहो, तेच तर वीज वाचवतं.” अल्पेशने डोक्याला हात लावला. “असं समजा, व्हिडिओ मी सुकवून भरलाय. सुक्या बोंबलासारखा. जागा कमी लागते, पण खाताना भिजवावा लागतो ना? या चिपमध्ये भिजवायला खास टोप दिलाय. तुम्ही तो पालथा घातलाय आणि मशिन बिचारं चमच्याचमच्याने पाणी घालतंय. म्हणून आवाज पुढे आणि चित्र मागे. एक टिक केली की झकास.”

“राहू दे,” चंद्रप्रकाश घाईने म्हणाला. “सुकंच बरं आहे.”

“काका, एका मिनिटाचं काम आहे.”

“जुनं मशिन आहे रे. एकदम भिजवलं तर सर्दी होईल त्याला.”

“बाबा?” रुचिरा त्याच्याकडे बघायला लागली.

“म्हणजे, विहीणबाई दमल्या असतील. नंतर कधीतरी बघू. दिवाळीत.”

“मी हिथून उठाची नाय,” मथुराबाई म्हणाल्या. “लाव रे अल्पेश. ह्यांचा थोबाड मना परत बगाचाय. नीट.”

“लाव पोरा,” तुळशीदासही म्हणाले. “मी बोललो असन तर सगल्यांसमोर कान धरतो.”

चंद्रप्रकाशने प्लगकडे हात नेला. प्रेमाने चापट मारून तो हात बाजूला केला, “शॉक लागेल, ओले हात घेऊन कुठे जाता.” अल्पेशने टिक केली, व्हिडिओ थोडा मागे घेतला आणि सुरू केला.

पंखा शांत झाला. आणि त्या डब्याने आयुष्यात पहिल्यांदा ते केलं, जे चंद्रप्रकाश पोस्टमनला सांगत आला होता. चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. ओठ आणि शब्द हातात हात घालून. पडद्यावर तुळशीदास आले, ताटली घेऊन, फुलदाणीशेजारी. कानाशी वाकले. ओठ हलले. “व्याही लाख मोलाचा मिलाला. असा माणूस नशिबाने मिलतो.”

मथुराबाईंनी नवऱ्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. तुळशीदास लहान मुलासारखे हसले. प्रेमाचे डोळे भरून आले. “किती मोठं मन,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्ही काहीतरी बोला की त्यांच्याशी.”

बोलायची गरज पडली नाही. पडद्यावर चंद्रप्रकाश स्वतःच आला. हातात ताटली, तोंडात घास, शेजारी सर्वेश. इकडे तिकडे बघून कानाशी वाकला. मिशीचा केस न केस दिसत होता. मिशीला लागलेला सुरमईचा रवासुद्धा. “सुरमई परवाची वाटते रे. पण गप गिळायची. आपलेच लोक आहेत.”

अल्पेश पडद्याकडे तोंड करून बसलेला, त्याचं सगळं लक्ष चित्रात. तो खुशीत म्हणाला, “बघा काका. एक फ्रेमसुद्धा सुटत नाही आता.”

चंद्रप्रकाश उभा होता तिथेच विरघळायचा बाकी राहिला. तुळशीदासांनी मघाशी त्याच्यापुढे जोडलेले हात त्याला आठवत होते, आणि ते हात आता गुडघ्यांवर शांत पडलेले होते, हे जास्त वाईट होतं. त्याला वाटलं, मुलीचं लग्न आता गेलं, अब्रू गेली, चारकोप सोडून मानखुर्दला खोली बघावी.

आणि इथेच मंडळी, माणसाचं मोठेपण दिसतं. मथुराबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता वीज पडणार. पण त्या गालातल्या गालात हसल्या, चंद्रप्रकाशच्या जवळ गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “व्याही, लाजू नका. तुमची जीभ खरी. सुरमई परवाचीच होती. बोट उशिरा आली, मीच लपवलं.” एका आईने पोराच्या सुखासाठी स्वतःच्या मासळीचा मान खाली ठेवला. तुळशीदासांच्या डोळ्यांत पाणी आलं, चंद्रप्रकाश त्यांच्या पायाशी वाकला, आणि…

“कोन बोल्ला?”

आवाज माझ्या खुर्चीच्या मागून आला. मथुराबाई उभ्या होत्या, हातात हळदीची वाटी, मागे सगळा कोळीवाडा.

“वहिनी, तुम्ही कधी आलात?”

“तू आवाज बारीक केला तवाच. बाकी जाला ता सगला खरा हाय. पन मी लपवला? मी असा कवा बोलले रे म्हाताऱ्या? मी बोलले, व्याही, तुमाला मासली कलत नाय, तर दर रविवारी पहाटे धक्क्यावर या, मी शिकवते. आनि येतो तो. खाली मान घालून येतो, माजी टोपली धरतो. इचार त्याला, तो बग दारात हाय.” त्यांनी हळदीचं बोट माझ्या नाकासमोर धरलं. “आनि सुरमई त्याच सकालची होती. खोटारडा मेला.”