रागाचे दोन डझन कप

मला राग लवकर येतो असं लोक म्हणतात. साफ खोटं! राग माझ्याकडे येत नाही, तो माझ्याकडेच राहायला आहे. आणि का नसावा? सगळी नोकरी मी टेलिफोन कंपनीच्या तक्रार खिडकीवर काढली. दिवसभर लोक माझ्यावर ओरडायचे आणि मी हसून म्हणायचे, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. सहकार्याबद्दल आभारी आहोत." तो सगळा गिळलेला राग निवृत्तीनंतर व्याजासकट बाहेर पडला, तर त्यात माझं काय चुकलं?

तर झालं असं. आमच्या लेकीने कॉफीचं छोटं दुकान काढायचं ठरवलं. चांगली नोकरी सोडून! त्याबद्दल मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, मग पुन्हा बोलले, आणि ती दुकानाच्या भिंती रंगवत बसली. दुकानासाठी मागवलेले कप आले तेव्हा खोकं मीच उघडलं. पांढरे, गुळगुळीत, दवाखान्यात औषध देतात तसले! वर चारांचे कान तुटलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपवाल्याला फोनवर असा झाडला, असा झाडला की तो स्वतः येऊन खोकं उचलून घेऊन गेला. जाताना माफी मागितली आणि पुन्हा या घरी माल देणार नाही असंही सांगून गेला.

"आई, अगं दुकान तीन आठवड्यांवर आलंय! आता मी कप कुठून आणू?" लेक रडायच्या बेतात.

"कुठून म्हणजे? मी करीन!" मी म्हटलं. "दोन डझन कप म्हणजे काय मोठं? मी मातीकाम शिकतेय ना?"

शिकत होते हे खरं. क्लासला चार वेळा गेले होते आणि पाचव्या वेळी बाईंशी भांडून आले होते. पण मागच्या गॅलरीत माझा स्वतःचा स्टुडिओ होता! एक जुनं विजेचं चाक, जे चालू केलं की गिरणीसारखं घरघरायचं, आणि एक बादलीएवढी भट्टी. भट्टी चालू असताना घरात दुसरं काही लावलं की फ्यूज उडायचा. म्हणून भट्टी तापत असली की पंख्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असा माझा हुकूम होता.

चाकावर माझा कप उभाच राहीना. शेवटी चाक बंद केलं आणि सोपी रीत धरली. लाटण्याने मातीचा जाड पट्टा लाटायचा, बाटलीभोवती गुंडाळायचा, खाली बूड चिकटवायचं, बाजूला कान लावायचा. झाला कप! पण गुळगुळीत कप केला तर तो पुन्हा दवाखान्याचाच. मला हवा होता खरबरीत, हाताला जाणवणारा, ज्याला हल्ली टेक्स्चर म्हणतात तो. मग काय, घरातली एक वस्तू सोडली नाही. किसणी दाबली. तो कप गोवर आल्यासारखा दिसला. केसांचा ब्रश दाबला. तो गोवर उतरल्यासारखा. ह्यांच्या स्वेटरची बाही दाबली, तर ती मातीला अशी चिकटली की सोडवताना कप गेला आणि स्वेटरही गेला.

ह्यांचं सांगायचं राहिलं. आमचे हे म्हणजे बर्फाची लादी. घराला आग लागली तर म्हणतील, "बरं झालं, पाणी तापवायला नको." अशा माणसाबरोबर संसार केला की कुठल्याही बाईला राग येतोच!

त्या दिवशी भट्टीत पहिले चार कप होते. मी नव्या पट्ट्यावर कंगव्याने रेघा ओढत होते. आणि फट्! पंखे थांबले, भट्टी थांबली.

"अहो! इस्त्री कोणी लावली?"

"मी," आतून शांत आवाज. "एकच शर्ट होता गं."

एकच शर्ट! माझ्या चार कपांची माती झाली आणि म्हणे एकच शर्ट! हातातला पट्टा मी उचलला आणि गॅलरीच्या जमिनीवर हाणला. "एकच!" धप्प! "शर्ट!" धप्प! पट्टा ताणला, लांबला, आणि मी तिसऱ्यांदा उचलला तेव्हा माझा हात हवेतच राहिला. कंगव्याच्या रेघा ताणून फाकल्या होत्या. मधून मधून बारीक भेगा पडल्या होत्या. जुन्या झाडाची साल असावी तशी माती दिसत होती! मी श्वास रोखून तो पट्टा बाटलीला गुंडाळला.

संध्याकाळी लेकीने तो कप पाहिला आणि दोन्ही हातांत धरून बसली. "आई, हा तू केलास? मला सगळे असेच हवेत! अगदी असेच!"

इतकी वर्षं या मुलीने माझ्या कशाचंच असं कौतुक केलं नव्हतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी आनंदात पट्टा लाटला, आनंदात रेघा ओढल्या, आनंदात आपटला. पडला. नुसता पडला. भेग नाही, साल नाही, ओल्या टॉवेलसारखा पसरला. दिवसभर आपटलं, एक कप धड होईना. रात्री जेवताना मी हात टेकले.

"मला रागच येत नाहीये हो! आणि रागाशिवाय ते टेक्स्चर येत नाही. आता कसं करायचं?"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, काळजीने पाहतायत.

आणि दुसऱ्या दिवसापासून घराला वेड लागलं! सकाळी उठते तर माझ्या उशीवर ह्यांचा ओला टॉवेल. फ्रीजमध्ये रिकाम्या बाटल्या, ओळीने. चष्मा सापडेना, तो ह्यांच्या नाकावर! लेक माझा मोबाईल ओढून घेते आणि म्हणते, "राहू दे आई, तुला नाही जमायचं." त्यात नणंदबाई उगवल्या, न बोलावता. "वहिनी, कप बरे आहेत हो तुझे. नवशिकीच्या मानाने. माझ्या जावेने केले असते तर..." जावेने! मी पाय आपटत गॅलरीत जायचे. तिथे ओल्या फडक्याखाली पट्टा लाटून, रेघा ओढून तयार असायचा. तो कोणी केला, असा प्रश्न रागावलेल्या माणसाला पडत नाही. धप्प! धप्प! साल उमटायची. दिवसाला तीन-तीन कप व्हायला लागले.

बघता बघता बावीस कप उभे राहिले. दोन राहिले. दुकान उघडायला आठवडा होता, आणि कप वाळायला, दोनदा भाजायला तेवढा वेळ हवाच. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच दिवशी व्हायला हवं होतं. आणि त्याच दिवशी दारावर थापा पडल्या.

खालच्या मजल्यावरचे वकील! केस विस्कटलेले, खांद्यावर पांढरा भुगा.

"बाई, हा काय तमाशा लावलाय? माझ्या छताचा गिलावा पडतोय! आज अशिलाच्या डोक्यावर पडला! एवढं आपटायचंच असेल तर स्वतःचं डोकं आपटा!"

माझं डोकं? माझं? मी पदर खोचला. तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून ह्यांची कुजबुज ऐकू आली.

"वकीलसाहेब, फार छान बोलताय! थांबू नका, दोनच कप राहिलेत!"

आतून नणंदबाईंचा आवाज आला, "मग मी जाऊ का रे दादा घरी? माझे टोमणे संपले."

मी वळले. हे भिंतीकडे बघायला लागले. लेक हातात पीठ मळावं तशी माती मळत उभी होती, कोपरापर्यंत चिखल! टॉवेल, बाटल्या, चष्मा, ती मेली जाऊ, सगळं एका क्षणात कळलं. मला या घरात गायीसारखं दोहत होते! अस्सा संताप आला... आणि मग ठरवलं. राग हवाय ना तुम्हाला? नाही मिळणार! थेंबभरही नाही!

मी पदर नीट केला. वकिलांकडे वळले आणि खिडकीवरचं ते जुनं हसू चेहऱ्यावर आणलं.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. सहकार्याबद्दल आभारी आहोत."

"अहो, गिलावा पडतोय!"

"आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. कृपया प्रतीक्षा करा."

या वाक्यांनी माणसाचं काय होतं हे मी आयुष्यभर काचेपलीकडून पाहिलंय. वकील आधी लाल झाले, मग जांभळे. काहीतरी फेकावं म्हणून इकडेतिकडे बघत ते तरातरा गॅलरीत शिरले, फडक्याखालचा पट्टा उचलला आणि, धप्प! खाली त्यांच्याच घरात काहीतरी कोसळलं. ते ऐकून त्यांनी दुसरा उचलला. धप्प!

मग थांबले. घाम पुसला. चेहरा झोपून उठलेल्या बाळासारखा झाला होता.

"अजून आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

ते गेल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "आई, चिडू नकोस. लहानपणी तुझा आवाज चढला की मी पलंगाखाली जायचे. या आठवड्यात पहिल्यांदाच वाटलं, तुझ्या रागातून मला काहीतरी मिळतंय. घाबरायलाच झालं नाही."

यावर माणसाने काय करावं? मला रडू आलं. ते लपवायला तिला म्हटलं, आधी हात धू, सगळीकडे चिखल करून ठेवलायस!

दुकान उघडलं. गर्दी झाली. चोवीसच्या चोवीस कप लोकांच्या हातात होते आणि जो तो त्या सालीवरून बोटं फिरवत होता. मी कोपऱ्यात उभी राहून एकावरही ओरडले नाही. घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, लोकांना कप फार आवडले गं. फक्त... पुन्हा पुन्हा ते दोनच मागत होते."

"कुठले दोन?"

"वकीलकाकांचे."

"त्यांच्या हातात धग आहे," हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. "तुझा राग हल्ली जरा सौम्य झालाय."

सौम्य! माझा राग! सौम्य! त्या वकिलाने एकदा काय चिखल आपटला आणि मी सौम्य? मी ताडकन उठले, पाय आपटत गॅलरीत गेले आणि ओलं फडकं उचललं.

खाली पट्टा होता. लाटून, रेघा ओढून, अगदी तयार. शेजारी बाटलीही ठेवलेली. आतून ह्यांचं शीळ घालणं ऐकू येत होतं.

मी आपटलाच. आता तयार माती काय, वाळू द्यायची?