एकरकमी विम्याची रंगीत तालीम

रंगाच्या कारखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या सुरक्षा अधिकाऱ्याने रविवारी सकाळी साडेदहाला जाहीर केलं, की आपण अकरा वाजता मरणार आहोत. तेहतीस वर्षं आग नसताना आगीची घंटा वाजवून त्याने चारशे कामगारांना उन्हात उभं केलं होतं. तालीम झाल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. (हा गृहस्थ आणि सांगणारा एकाच घरात, एकाच चष्म्यातून जग बघतात. पण मूर्खपणा दुसऱ्याचा म्हणून सांगितला की जरा सोसवतो.)

कारण होतं विमा. निवृत्तीला मिळालेली बहुतेक सगळी रक्कम एकाच हप्त्यात भरायची. विमा जन्मभराचा. तो गेला की बायकोच्या हातात भरल्याच्या दुप्पट पैसे. मधेच मोडला तर मात्र चांगलाच फटका. महिनाभर त्याचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. आपल्यामागे बायकोला कुणापुढे हात पसरावा लागू नये, असं त्याला मनापासून वाटायचं. शिवाय, आपण गेल्यावर मायलेकींनी ‘केवढा विचार करून गेले’ म्हणत डोळे पुसावेत, हेही त्याला फार हवं होतं. अखेर चेक लिहून झाला आणि एजंटला रविवारी बाराला बोलावणं गेलं. फोन ठेवता ठेवता एजंट म्हणाला, “काका, पुष्कळ घरांत माणूस गेल्यावर कागदच सापडत नाहीत बघा.”

झालं, साहेबांना तालीम सुचली.

“आजच मरायला हवं का? मला पडदे धुवायचेत,” बायको म्हणाली.

“मरण काय पडदे वाळायची वाट बघणार आहे? मी या खुर्चीत बसतो. मी गेलोय, म्हणजे बोलणार नाही. तुम्ही फाइल शोधायची आणि पैसे मागायचा अर्ज भरायचा. वेळ वीस मिनिटं.”

“आणि नाही सापडली तर?” सुट्टीला आलेल्या मुलीने विचारलं.

“तर पुन्हा मरेन,” असं म्हणून त्याने शिट्टी वाजवली आणि तो मेला.

पहिली अडचण किल्लीची निघाली. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली मयताच्या मागच्या खिशात. मयत तिच्यावरच बसलेला.

“बाबा, जरा उठा ना.”

मयत ढिम्म हलला नाही. मग दोघींनी त्याला एका कुशीवर ढकललं. खुर्ची चाकांची होती, ती मयतासकट घरंगळत गेली आणि दारावर आपटली. गुडघ्यातून कळ गेली, तरी त्याने हूं की चूं केलं नाही. आपल्या शिस्तीचं त्याला त्याही अवस्थेत कौतुक वाटलं.

कपाटात जुन्या तालमींच्या अहवालांचे गठ्ठे होते. विम्याची फाइल त्याने इतकी जपून ठेवली होती, की ती ‘इतर’ असं लिहिलेल्या सातव्या गठ्ठ्यात सापडली. तेवढ्यात एजंट अर्धा तास आधीच आला. दार ढकलायला जोर लावावा लागला, कारण मागे मयत होता. मान कललेले काका आणि काकूंच्या हातातला अर्ज बघून तो पांढराफटक पडला.

“काकू, कधी झालं?”

“अकराला,” बायको म्हणाली. त्यात काही खोटं नव्हतं.

“अरेरे. अजून चेकही दिला नव्हता.”

मुलीने त्याला पाणी देऊन सगळं समजावलं. पण एजंट जातिवंत विक्रेता होता, त्याने लगेच संधी साधली. “चांगलंच झालं. काकू, समजा काका गेले आणि पैसे हातात आले. काय कराल?”

बायको हातातला अर्ज बाजूला ठेवून बसली. “खरं सांगू? समुद्राकाठी एक खोली घेईन, महिनाभर. घड्याळ न बघता उठेन.”

“मग आत्ताच जा ना,” मुलगी म्हणाली.

“यांना सोडून? यांना मिठाचा डबा सापडत नाही.”

“बरोबर घेऊन जा.”

“ते नाही यायचे. तू शाळेत होतीस तेव्हा विचारलं होतं. त्यांच्या कारखान्यात तपासणी होती. मग मी काही पुन्हा विचारलं नाही.”

ती हे तक्रार म्हणून बोललीच नव्हती. मयताच्या मात्र आत्ता लक्षात आलं. आपण मेल्यावर ही सुखी व्हावी म्हणून तो महिनाभर डोकं शिणवत होता, आणि जिवंतपणी तिला काय हवं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“आलो असतो की मी,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“तुम्ही गेलाय. बोलायचं नाही.” मग ती एजंटकडे वळली. “हे गेले म्हणजे आता ठरवायचं मीच ना?”

“तसंच म्हणायचं, काकू.”

“मग हा चेक राहू दे. चौथ्या हिश्शाचा नवा घे. बाकीचे पैसे यांच्या हयातीत लागणारेत.”

एजंटने आशेने काकांकडे पाहिलं. काका नियमाने बांधलेले होते, आणि डोळे उघडायची तर सोयच नव्हती. उघडले असते तर त्यांतलं पाणी सगळ्यांना दिसलं असतं. तोवर मुलीने फोनवर समुद्राकाठची एक खोली शोधलीही होती.

“आई, किती जणांसाठी सांगू?”

बायकोने दाराशी टेकलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

“दोघांसाठी. पण एक जण आधीच गेलाय म्हणावं, काही कमी करतात का बघ.”