नरहरभाऊनं औषध घेतलं

“गोळी? अन् मले?” नरहरभाऊ हसले. नुसते हसले नाहीत, छातीवर थाप मारून हसले. “भैरवी, तुह्या बापानं सगळ्या जन्मात एक गोळी घेतली नाई. तापाची नाई, डोकेदुखीची नाई, साधं खोकल्याचं औषध नाई! मे महिन्याच्या उन्हात सायकलनं हापिसात जाणारा यवतमाळचा माणूस मी. वाळवंटाचं मले काय सांगतं?”

हे बोलणं झालं लेहच्या विमानतळाबाहेर. भैरवी ही त्यांची मुलगी, पुण्याला नोकरीला. तिनंच बापाला लडाखात ओढून आणलं होतं. पाठीवर सॅक टाकायची आणि गावोगाव पायी हिंडायचं, असा तिचा बेत. डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या ती हातात घेऊन उभी होती. उंचावर हवा विरळ असते, आधीपासून घ्याव्या लागतात, वगैरे. नरहरभाऊंनी त्या पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाळवंट म्हणजे ऊन, हे त्यांचं पक्कं गणित. म्हणून डोक्याला दुपट्टा बांधलेला आणि दोन्ही खिशांत एकेक कांदा! ऊन लागू नये म्हणून!

“बाबा, हे थंड वाळवंट आहे.”

“थंड वाळवंट! उद्या म्हणशील कोरडा पाऊस!”

निघताना ते बाभुळगावला आईच्या पाया पडायला गेले, तेव्हा शकुबाईनं साफ सांगितलं होतं, “नको जाऊ. तिकडं हवाच नसते म्हणतेत. जिथं हवा नाई, तिथं माणसाचं काय काम? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असते बावा, तुले काय दुखते?” थोरले भाऊ सदाशिवराव शेतावरून आले होते, तेही म्हणाले, औषधपाणी सोबत घे. त्यावर अंगणात जमलेल्या आळीसमोर नरहरभाऊंनी पुन्हा तेच भाषण ठोकलं. आळीला ते पाठच होतं. शेजारच्या विमलताई तर पुढचं वाक्य आधीच म्हणायच्या.

तर असे हे नरहरभाऊ, लेह सोडून पायवाटेनं एका चिमुकल्या गावात पोहोचले आणि रिगझिनच्या घरासमोर आडवे झाले.

डोक्यात कापसाच्या जिनिंगचं मशीन सुरू झालेलं. पोटातलं सगळं बाहेर. सभोवती उघडेबोडके डोंगर, झाड म्हणून औषधाला नाही, आणि थंडी अशी की दुपट्ट्यानं कानांऐवजी गुडघे बांधावेत का, असा प्रश्न! रिगझिन म्हणजे या गावातला एकमेव दुकानदार. घरातल्या एका खोलीत दुकान, दुसरीत पाहुणे. त्याच्या म्हाताऱ्या आईनं नरहरभाऊंची अवस्था पाहून आपल्या नवऱ्याची जुनी लोकरीची टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली आणि काहीतरी पुटपुटली. ते आशीर्वाद होते की शिव्या, कळायला मार्ग नव्हता.

“आता तरी गोळी घ्या,” भैरवी म्हणाली.

“दे,” नरहरभाऊ म्हणाले. गर्व उलटीबरोबरच गेला होता.

पण गोळी जाईना! पाणी पोटात, गोळी जिभेवर. पुन्हा पाणी, पुन्हा गोळी जिभेवर. “माह्या गळ्याची बनावटच वेगळी आहे,” ते म्हणाले. शेवटी भैरवीनं गोळीचा दगडानं भुगा केला, पेल्यात पाणी घालून ढवळला आणि नाक दाबून तो पांढरा काढा बापाला पाजला. पेला खिडकीत राहिला. हा पेला लक्षात ठेवा.

थोडं बरं वाटलं तशी नरहरभाऊंना आईची आठवण आली. मोबाईल तर लेह सोडल्यापासून मेलेला. पण रिगझिनच्या दुकानात उपग्रहावर चालणारा सरकारी फोन होता. ढग नसले की लागायचा. तो लागला! शकुबाईचा स्वतःचा छोटा मोबाईल होता, कमरेच्या पिशवीत असायचा. तिनं उचलला. आईचं ऐकलं नाही, याचा खराच पस्तावा झाला होता नरहरभाऊंना.

“आई, मी नरहर! मले माफ कर आई! तुह्यं ऐकलं नाई म्या!”

खर्रर्र.

“म्या औषध घेतलं आई! हाव, औषध! आता पडून राह्यतो. डोळे मिटून राह्यले. अन् कोणाले सांगू नको हं! गावात इज्जत जाईन!”

खट्. फोन गेला.

“झालं!” नरहरभाऊ समाधानानं वळले. “मन कसं हलकं झालं.”

भैरवीचा चेहरा मात्र उतरला होता. “बाबा, तुम्ही आत्ता आजीले काय सांगितलं?”

“खरं ते सांगितलं. काहून?”

“परत म्हणा बरं. सावकाश.”

“मले माफ कर,” नरहरभाऊ म्हणाले. “म्या औषध घेतलं. कोणाले सांगू...” आणि तिथंच त्यांचा आवाज बसला.

आता हे यवतमाळबाहेरच्या वाचकाला उलगडून सांगायला हवं. कपाशीला बोंडअळी लागली, त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. त्या सालांत आमच्याकडे कोणी ‘औषध घेतलं’ म्हटलं की ऐकणारा ‘कशाचं?’ असं विचारत नसे. चप्पल पायात सरकवून धावत सुटे. औषध म्हणजे फवारणीचं. घेतलं म्हणजे पोटात. विमलताईंच्या घरून आदल्या वर्षी असाच हंबरडा आला होता, आणि शकुबाई त्यांच्या अंगणात त्यांना धरून बसली होती.

दुसरा कोणी असता तर गावानं म्हटलंही असतं, अरे, तापाचं घेतलं असेल. पण नरहर? ज्यानं जन्मभर डांगोरा पिटला की मी तापाचंही औषध घेत नाही, तो औषध घेतलं म्हणतो, माफी मागतो, कोणाला सांगू नको म्हणतो, म्हणजे दुसरं कोणतं असणार!

“लाव! पुन्हा लाव!” नरहरभाऊ फोनवर तुटून पडले. फोन मुका. रिगझिननं आभाळाकडे बोट दाखवलं. ढग.

“कब आएगा?”

“आएगा,” रिगझिन शांतपणे म्हणाला. “आज आएगा. नहीं तो कल. नहीं तो परसों.”

“दुसरा फोन किधर है?”

रिगझिननं समोरच्या खिंडीकडे हात केला. खिंडीपलीकडच्या गावात फौजेची चौकी होती. नरहरभाऊंनी सॅक उचलली.

“बाबा, वेडे झाले काय!” भैरवी आडवी आली. “अशा तब्येतीत वर नाई चढत कोणी! जीव जाईन!”

“भैरवी, माह्या मायनं गेल्या वर्षी ते रडणं ऐकलं. आता ती स्वतःच्या घरात ऐकून राह्यली. तिचं वय पाह्य. तिच्या छातीत काई झालं तं मी ह्या तोंडानं बाभुळगावात पाय ठेवू?” बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. “मी मेलो तं मेलो. पन ती तसं समजून नको जायले.”

भैरवीनं बापाची सॅक हिसकून पोटाशी बांधली, स्वतःची पाठीवर, आणि निघाली. रिगझिन तेव्हा मागच्या गोठ्यात होता. त्याला सांगायचंही राहिलं.

चार पावलं टाकायची, थांबायचं. छातीचा भाता चालायचा आणि हवा मात्र यायची नाही. वर पाहिलं की खिंड होती तिथंच. नरहरभाऊ दर थांब्याला आईची क्षमा मागत होते आणि भैरवी दर थांब्याला त्यांना मागं ओढत होती. वाट एका कपारीच्या कडेनं वळली, तेवढ्यात खालून आरोळी आली.

“रुको! ए, रुको!”

खाली रिगझिन आणि त्याचा भाऊ धावत येत होते. सोबत एक घोडं! आणि रिगझिनच्या हातात लांब लाकडी दांड्यासारखं काहीतरी!

“हे कायले मागं लागले?” नरहरभाऊंनी डोक्याला हात लावला, आणि हाताला लोकर लागली. “मा माय! म्हाताऱ्याची टोपी! भैरवी, मी चोरी करून पळालो!”

“तं देऊन टाका ना परत!”

“तितला टाईम आहे काय! येताना देऊ!” आणि नरहरभाऊ पळाले! ज्या माणसाला चालवत नव्हतं, तो पळाला! मागून हाका वाढल्या. नरहरभाऊंनी टोपी काढून मागं भिरकावली. तरी ते येतच होते. मग दुपट्टा भिरकावला. शेवटी खिशातले दोन्ही कांदे! एक रिगझिनच्या भावाच्या कपाळावर बसला. या खंडणीनंही भागेना, तेव्हा नरहरभाऊ वाटेवरच बसले.

रिगझिननं त्यांना गच्च मिठी मारली. “सोना नहीं! सोना नहीं! आंख खोलो!”

“टोपी गलती से आया, साब!”

“टोपी छोड़ो! मुंह खोलो!” त्याच्या हातात होता तो दांडा नव्हता. चहा घुसळायची लाकडी नळी होती ती. त्यात काठोकाठ खारट लोण्याचा चहा!

झालं होतं असं. ही मंडळी निघाली आणि ढगाला फट पडली. फोन खणखणला! शकुबाईच्या मोबाईलमधलं नरहरचं ओरडणं अंगणभर ऐकू गेलं होतं, आणि त्यावर उमटलेला नंबर सदाशिवरावांनी फिरवला होता. पलीकडून ते आपल्या हिंदीत ओरडत होते, “हमारा भाऊ तुमारे इधर दवाई पी के बैठा है! उसको सोने मत दो! निमक का पानी पिलाओ, उलटी कराओ!” रिगझिननं पाहुण्यांच्या खोलीत धाव घेतली. पाहुणे गायब. आणि खिडकीत पेला. तळाशी पांढरा साका! म्हाताऱ्या आईनं कपाळ बडवून घेतलं. मिठाचं पाणी उकळायला कोणाला वेळ होता? खारा चहा तयार होता.

“मैंने दवाई नहीं पिया!” नरहरभाऊ ओरडले. “पिया! मगर वो नहीं पिया!”

“सब ऐसा ही बोलता है,” म्हणत रिगझिनच्या भावानं त्यांचं नाक दाबलं. कपाळावरच्या टेंगळाचा थोडा हिशोबही त्यात असावा.

“छोड़ो उनको!” भैरवी धापा टाकत पोहोचली. “उन्होंने पिया नहीं, मैंने पिलाया है!”

म्हणजे पोरीनंच बापाला विष पाजलं! मग रिगझिननं भावाला खुणावलं, आणि भावानं भैरवीचे दोन्ही हात धरून ठेवले.

अखेर तिनं ओरडून ओरडून गोळ्यांचं पाकीट काढायला लावलं तेव्हा उलगडा झाला. तोवर नळी रिकामी झाली होती, आणि पोटात जे काही उरलं होतं ते, उरल्यासुरल्या इज्जतीसकट, नरहरभाऊंनी कपारीच्या कडेवर सोडलं होतं. रिगझिन पाकीट उलटंपालटं करून पाहत राहिला. “ये तो हम भी देते हैं टूरिस्ट को,” तो म्हणाला आणि खाली बसून पोट धरून हसला. मग हसू आवरून त्यानं नरहरभाऊंना घोड्यावर चढवलं. “नीचे चलो. फोन चालू है.”

“फोन चालू है?” नरहरभाऊंनी विचारलं. “मंग मी डोंगर कायले चढलो?”

घोडं मात्र फुरफुरत उताराला लागलं.

दुकानात शिरतात तोच फोन वाजला. नरहरभाऊंनी झडप घातली. “दादा! मीच! जिता आहे! डोकेदुखीची गोळी होती दादा, पाण्यात कालवलेली! डॉक्टरची!”

पलीकडे सदाशिवराव रडत होते. बोंडअळीनं अख्खी पराटी, उभी कपाशी, खाल्ली तेव्हा ज्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, ते लहान पोरासारखे हुंदके देत होते. मागं आळीचा गलका. कोणीतरी फोनचा आवाज मोठा केला. आणि शकुबाई आली.

“कायले रडता रे सगळे? मी तवापासून सांगून राह्यली, माह्या नरहरनं औषध घेतलं नाई म्हणून! कोणी ऐकते काय!”

“आई, तुले कसं माहीत?”

“मले माहीत नाई तं कोणाले? एरंडेल पाजाले तुले चार जणं धरा लागे! अंगाखाली घेऊन नाक दाबा लागे! तू म्हणे आपल्या हातानं औषध घेशील! जन्मभर लोकायले सांगतो मी औषध घेत नाई. अरे, घेत नाई नाई, भेतो तू!”

अंगणात जमलेल्या अख्ख्या आळीनं हे ऐकलं. जन्मभराचं भाषण गेलं!

सदाशिवरावांनी फोन घेतला आणि हळूच म्हणाले, “म्हणते माहीत होतं. पन फोन हातचा सोडला नाई तिनं. विमलताई घास भरवाले आली तं तोंड फिरवलं. आत्ता कुठं पाणी मांगून राह्यली.”

नरहरभाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. भैरवीनं दुसऱ्या गोळीचा भुगा करून पेल्यात ढवळला. मग घसा खाकरला.

“बाबा, तुमची पहिली गोळी तं त्या चहासंगं कपारीत गेली. डोस परत घ्या लागते.”

हातात पेला. पेल्यात पांढरा काढा. नरहरभाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात रिगझिन उभा होता.

“भैरवी,” फोनमधून शकुबाईचा हुकूम आला, “धर त्याले! नाक दाब!”

रिगझिननं उजवा हात धरला, त्याच्या भावानं डावा, म्हातारीनं पाय, आणि भैरवीनं नाक. नरहरभाऊंचा घोट खाली उतरेपर्यंत बाभुळगावचं अंगण चिडीचूप होतं.

“घेतलं काय रे?” शकुबाईनं विचारलं.

“घेतलं, आई!” नरहरभाऊ खोकत खोकत ओरडले. “औषध घेतलं!”

आणि पलीकडे अख्खी आळी हसली. सदाशिवराव हसले, विमलताई हसल्या. त्या सालांत आमच्याकडे ते शब्द ऐकून माणसं हसली ती तेवढी एकदाच. धरायला किती जण लागले, हे तेवढं नरहरभाऊंनी फोनवर सांगितलं नाही. शकुबाईनं विचारलंही नाही. तिला आकडा पाठच होता.