बाबांच्या अंगठ्याखालचा नळ

नळ दुरुस्त करायला लागतं तरी काय हो? एक पाना, एक वायसर आणि थोडी हिंमत! हुडकेश्वरला आमच्या अंगणातला नळ कितीतरी दिवस गळत होता. माझा नवरा आयुष कळमेश्वरच्या कारखान्यातून थकून येणार आणि "रविवारी पाहतो" म्हणून आडवा होणार. मे महिना, त्यात पाणी दिवसाआड. शेवटी मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि ओढणी कमरेला बांधली.

माझे सासरे चंपतराव कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. सासूबाई गेल्यापासून बाबांचं बोलणं अगदी मोजकं झालं होतं. त्या दिवशी मात्र बोलले.

"काहून हात लावून राहिली वं बेटा? प्लंबरले बोलाव."

"चुटकीसरशी होते बाबा!"

पाना लावला, जोर दिला. तोटी हलेना. आणखी जोर दिला, तशी अख्खी तोटी हातात आली आणि भिंतीतून पाण्याचा असा फवारा सुटला, की फुटाळा तलावातलं कारंजं झक मारेल! आधी गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद करायचा, हे त्या व्हिडिओच्या शेवटी होतं म्हणे. शेवटपर्यंत कोण पाहतं?

मी फडक्याचा बोळा कोंबला. तो बंदुकीच्या गोळीसारखा परत आला! तेवढ्यात बाबा धावले आणि भिंतीशी उकिडवे बसून त्यांनी भोकावर अंगठा दाबून धरला.

"जाय लवकर! वॉल बंद कर!"

वॉल गंजून दगड झाला होता. मी वरून ओरडले, "बाबा, धीर धरा! सोडू नका!"

"नाही होत वं आता! सुटते!"

"असं नका करू ना बाबा! आयुष येईपर्यंत तरी थांबा!"

एवढ्यात वॉलची मूठच तुटली. टाकीत डोकावले तर पाणी अर्ध्यावर. मला खरंच रडू फुटलं. "बाबा, काही उपाय नाही हो आता!"

भिंतीपलीकडे शेजारच्या कांताबाई कुरडया वाळत घालत होत्या. त्यांना दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं गेलं. त्या बाबांच्याच गावच्या, खाप्याच्या. त्यांनी पहिला फोन केला जवळच मानेवाड्याला, बाबांच्या धाकट्या भावाला, डोमाजी काकाजींना. मग बाकीच्या जगाला.

आणखी थोडा वेळ वॉलशी झटून मी खाली आले तर फाटकाशी अर्धी गल्ली माना खाली घालून उभी! आणि त्या गर्दीतून बनियनवर, एकाच पायात चप्पल घातलेले काकाजी आत शिरले.

दोघे भाऊ बोलत नव्हते. सासूबाईंना अग्नी दिल्यावर काकाजी घाटावर पोचले होते, आणि बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आता माझ्या मयतीलेच येजो!" तेव्हापासून काकाजींनी आमची पायरी चढली नव्हती.

"दादा! दादा गा! मले माफी तं मागू द्याची होती!" काकाजी हंबरडा फोडत आले.

बाबांनी बसल्या बसल्या मान वळवली. "कोन मेलं रे डोमा?"

"तू!"

"मी? मी तं नळ धरून राहिलो."

काकाजी जागीच थांबले. श्वास लागला होता. भोकावर दाबलेला बाबांचा अंगठा त्यांनी पाहिला, डोळे पुसले आणि शेजारी उकिडवे बसले. "सरक. दे मायाकडे."

आता अंगठा काकाजींचा. बाबा कसेबसे उभे राहिले. मोकळ्या झालेल्या हाताचं काय करावं, हे त्यांना सुचत नव्हतं. मग तो त्यांनी भावाच्या डोक्यावर ठेवला.

"सरण पेटलं तवाही मी रस्त्याकडंच पाहून राहिलो होतो, डोमा. वाटे, आता येशीन तू."

काकाजी उठले आणि बाबांच्या गळ्यात पडले.

म्हणजे नळावर आता कोणाचाच अंगठा नव्हता! फवारा दोघांवर कोसळत होता. फाटकाशी आलेल्या कांताबाईंनी "पाणी!" म्हणून बोट केलं. मी मानेनंच 'राहू द्या' म्हटलं. फाटकाशी कोणीच हललं नाही. धार बारीक झाली, तिचा दोरा झाला, मग तीही थांबली.

दोघे निथळत घरात आले, तोवर फोन वाजायला लागले होते. बाबा स्वतः उचलत होते.

"हो, चंपतच बोलून राहिलो. नाही, मयत नाही. पन निघालाच हायेस तं जेवूनच जाजो!"

असे किती फोन झाले, देव जाणे. शेवटी बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"मिनल बेटा, खाप्याचे सारे येऊन राहिले. डोमाही हाये. मस्त जेवन बनव."

मी पातेलं घेऊन सिंकचा नळ फिरवला. फुस्स! नुसती हवा.

दोन बादल्या घेऊन कांताबाईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या नळाकडे, आणि घाईघाईनं दोन्ही बादल्या माझ्या हातून काढून घेतल्या.

"तू इथंच बस वं माय. मीच भरून देतो!"