शिवणवर्गाची लढाई, मुक्काम हडपसर

वाचणारांचे कल्याण असो. हडपसर प्रांती शुभंकर सोसायटी नामे चोवीस बिऱ्हाडांचे ठाणे, तेथे मार्च महिन्याचे आठवे तारखेस, रविवारी, जे तुंबळ जाहले त्याची हकीकत लिहून ठेवावी, ऐसा हुकूम वरून जाहला, म्हणोन सेवकाने लेखणी धरिली. पदरचे काही घातले नाही. घालण्याची हिंमतही उरली नाही.

ठाण्याचे तळमजल्यास एक खोली. तेथे राजमान्य मदिनाबी, उमर पासष्ट, यांनी शिवणवर्ग मांडिला होता, आणि चार यंत्रांवर बाया झबली-परकर शिवीत, आणि हसण्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. मदिनाबींचा सारा जीव त्या खोलीत. परंतु अध्यक्ष शरच्चंद्रराव यांचे मनी आले की शिवणवर्ग उठवून तेथे पुरुषांची व्यायामशाळा करावी. मग मसलत ऐसी पक्की जाहली की सकाळी महिला दिन थाटात साजरा करावा, आणि मग बाया पोहे करण्यास गेल्या की सर्वसाधारण सभेत ठराव उरकून घ्यावा.

त्याप्रमाणे गुलाब वाटिले. मग रुपाली, संगणक कंपनीच्या मनसबदार, यांनी बायकांस मताचा हक्क कैसा मिळाला ते कथन केले, की परमुलखी कोणी तुरुंग सोसिले, कोणी उपास केले, आणि आपले देशी पहिल्या निवडणुकीचे यादीत कित्येकींनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई ऐसे सांगितले, तेणेकरून त्यांची नावे यादीतून गळाली. टाळ्या बहुत पडल्या. मग अध्यक्षांचे फर्मान सुटले की समारंभ संपन्न, भगिनींनी पोह्यांकडे कूच करावे.

बाया उठल्या. मदिनाबी उठल्या नाहीत.

"खोली आमची जाणार, तर मत आम्हाला नको का?" त्यांनी विचारिले.

"घर ज्याच्या नावावर, त्याचं मत," शरच्चंद्रराव बोलिले. "सोसायटी भावनेवर चालत नाही."

"मग रजिस्टर काढा."

सचिव महिपती यांनी दप्तर उघडून पहिले नाव वाचिले, ते नाजिमा. मग रुपाली, मग मुक्ताई, आणि मग सचिवांचा आवाज उतरत चालला. कारण ऐसे जे, पाच वर्षांमागे घरे घेतेसमयी सरकारची सवलत होती की घर बाईचे नावे असल्यास मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. एक टक्का सोडील तो पुणेकर कैसा! चोवीसांत एकोणीस घरे बायकांचे नावे जाहली, आणि मग ती गोष्ट मर्द मंडळी साफ विसरली, आणि पाच वर्षे बिनदिक्कत मते देत, निवडणुका लढत राहिली. मदिनाबींचे खाविंद शमशुद्दीन हळूच म्हणाले, "साहेब, माझं नाव फक्त लाइट बिलावर आहे."

आणि अध्यक्षांचे घर निघाले विजयमाला वहिनीसाहेबांचे नावे. त्या शांतपणे पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अहो, उठा. ती सदस्यांची खुर्ची आहे."

मग मतदान जाहले. शिवणवर्ग राखावा या बाजूस एकोणीस. विरोधात दोन. उरलेले तीन मालक तटस्थ राहिले, कारण त्यांच्या बायका मागेच उभ्या होत्या. व्यायामशाळेचा पराभव जाहला.

मग मदिनाबींनी सभेच्या वहीत सही केली. पाच वर्षांत पहिलीच. एकेक अक्षर कापड बेतावे तैसे बेतून लिहिले, वेळ लागला, आणि कोणी घाई केली नाही. शाई वाळेतो सेवकाने वही मिटली नाही, हे कबूल.

पोहे मर्द फौजेने केले. मीठ दोनदा पडले, तरी मालकिणींनी उदार होऊन खाल्ले.

येणेप्रमाणे फत्ते नोंदली असे. लिहिणार महिपती, माजी सचिव, सदनिका क्रमांक सात, मालकीण मुक्ताई, यांचे घरी राहणार. मालकिणीने वाचून पाहिले. दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली असे.