दोऱ्याचे अप्पा

आमच्या क्लबात पोटाच्या व्यायामाची चार नवी मशीनं आली, त्या सकाळी शिवलिंगअप्पा खिशात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आले. पहिल्या मशीनवरून जो उतरला त्याला त्यांनी सतरंजीवर उताणं झोपवलं, बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत दोरा लावून पाहिला आणि निकाल दिला, "सरकली."

बेंबी सरकली, असा त्याचा अर्थ. जड उचललं की बेंबी जागची हलते, मग पोट दुखतं, भूक मरते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. अप्पांचं जळकोटला किराणा दुकान होतं. तिथं त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या बेंब्या जागेवर बसवल्या. बायको गेल्यावर मुलानं त्यांना धाराशिवला आणलं, क्लबात नाव घातलं आणि स्वतः पुण्याला गेला. अप्पा अडुसष्ट वर्षांचे आहेत. सकाळी साडेपाचला येतात, आठला जातात. त्यांनी एकही मशीन चालवलेलं मी पाहिलेलं नाही.

माझं वजन ब्याऐंशी, कंबर चाळीस. डॉक्टरनं सांगितलं म्हणून येतो, हौस नाही. ट्रेनर सूरजनं नव्या मशीनची माहिती दिली तेव्हा मी ती नीट ऐकली. एकावर लोंबकळून गुडघे वर घ्यायचे, एकावर बसून अंग पिळायचं, उरलेल्या दोहोंवर पोटावर वजन घेऊन वाकायचं. कोअर म्हणजे शरीराचा गाभा, तो मजबूत तर सगळं मजबूत, असं त्यानं समजावलं. मागून अप्पा शांतपणे म्हणाले, "गाभा हलवायचा नसतो बाबा. देवळात तरी हलवतेत का?"

पहिल्या आठवड्यात अप्पांनी चाळीस जणांना दोरा लावला. एकतीस सरकलेल्या निघाल्या. हा आकडा माझा आहे. मी मोजत होतो. माझीही डावीकडं दोन बोटं सरकली होती. अंगठा ओढून त्यांनी ती बसवली आणि मला दिवसभर पायरी चढता आली नाही. घरी येऊन मी टेप लावला. दोन्हीकडं फरक पाव इंच, तोही टेप ढिला धरल्यामुळं असावा. दुसऱ्या दिवशी हे अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "टेपाला काय कळतंय? त्येला पोट हाय का?"

गंमत चालली असती, पण मशीनं ओस पडली. माणसं सतरंजीपाशी रांग लावू लागली. अंगठा ओढून घेतला की व्यायाम झाल्यासारखंच त्यांना वाटे. शेवटी मालकाचा निरोप आला: अप्पांनी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, नाहीतर उद्यापासून यायचं नाही. सूरजनं तो माझ्या गळ्यात घातला. "काका, तुमीच सांगा. माझ्यानं न्हाय व्हायचं. परवा माझीच बसवली त्यांनी."

मला ही असली कामं आवडत नाहीत. पण दोन्ही मुलं शिकायला बाहेर, घरात आम्ही दोघंच, म्हणून रिकामं घर मला माहीत होतं, आणि अप्पांना ह्या अडीच तासांखेरीज दुसरीकडं कुठं जायला नव्हतं, हेही माहीत होतं. बाहेरच्या कट्ट्यावर बसवून मी त्यांना सरळ सांगितलं. ते भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी रीळ काढून माझ्या हातात दिलं.

"येऊ देतेत ना पण?"

येऊ देतील म्हणालो.

ते रस्त्यावरच्या गाड्या बघू लागले. मग मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "दुकानापुढं रोज धा-बारा जण झोपायचे. ही आतून च्या पाठवायची. हिच्याच पोटात दुखत हुतं, सा म्हैने. बोलली न्हाय. लोकं खोळंबलेत, मधी कशाला, म्हणली. दवाखान्यात नेलं तवर गाठ लई वाढलती. साऱ्या गावाच्या पोटाला हात लावला म्या. हिला निस्तं इचारलं बी न्हाय."

मी एवढंच म्हणालो की उद्या या.

ते आले. दोन्ही हात पाठीमागं बांधून नव्या मशीनशेजारी उभे राहिले. जो उतरेल त्याला हळूच विचारायचे, पोटात काही दुखतं का, दुखत असलं तर घरात सांगितलंस का. सूरजला ह्यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. माणसंही थांबून उत्तरं देत होती.

माझी पाळी आली. दुखत नाही, म्हणालो.

"आन वैनीचं?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली. माझी साखर, रक्तदाब, वजन, कंबर, सगळे आकडे मला तोंडपाठ आहेत. मी म्हणालो, विचारलं नाही.

"मंग हितं काय करायलाव?" अप्पा म्हणाले. "जावा घरी. मशीन कुठं पळून चाललं न्हाय."