डागमास्तरांचा अंगठा

डागमास्तरांच्या घरात हळदीवरून दोन पक्ष पडले होते. एका पक्षात ते स्वतः एकटे आणि दुसऱ्यात बाकीचं घर. बाकीचं घर म्हणजे बायको आणि चार महिन्यांपूर्वी आठ दिवसांसाठी म्हणून आलेली आत्या.

माणूस धंद्याने लाँड्रीवाला. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. काउंटरवर कपडा आला की तो नाकाशी नेऊन "चहा. साखर जास्त. परवाचा," असं सांगायची त्यांना खोड होती, म्हणून अख्खा रस्ता त्यांना डागमास्तर म्हणायचा. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन नियम लावले होते. पहिला, ‘आधी खिसे, मग पाणी.’ दुसरा, ‘आमच्याकडे कपडा उन्हात वाळत नाही.’ हा गरम हवेचं यंत्र आणलं तेव्हाचा. आणि तिसरा, आत्या आल्यावर लावलेला, ‘पडद्याच्या अलीकडे हळद आणू नये.’

आत्याचं सगळं औषधशास्त्र एका डब्यात मावायचं. घसा बसला, हळद घालून दूध. पाय मुरगळला, हळदीचा गरम लेप. तोंडावर पुळी आली, सायीत हळद. दात दुखला, हळद-मीठ. मुंग्या आल्या, तर उंबऱ्यावर हळदीची रेघ. डागमास्तरांच्या बायकोच्या टाचांच्या भेगा आत्याच्या लेपाने भरून आल्या आणि त्या दिवसापासून ती पक्षांतर करून मोकळी झाली.

"माणसाच्या अंगात हळद काय करते ते मला माहीत नाही," डागमास्तर म्हणायचे, "पण कपड्याला काय करते ते मी रोज बघतो. सगळ्या डागांत हाच एक डाग निर्लज्ज."

"तुझा आजोबा हळदीवर नव्वद वर्षं जगला," आत्या म्हणायची.

"आणि त्याचा एक सदरा पांढरा नव्हता!"

अशा घरात शनिवारी संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. पलीकडच्या चौकातल्या हॉस्पिटलचे ते प्रमुख. त्यांच्या हातात एक पांढरा कोट होता, खिशावर हॉस्पिटलचं चिन्ह निळ्या धाग्याने भरलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला हॉस्पिटलच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण होतं. विषय होता ‘घरगुती औषधे: खरे किती, खोटे किती’. त्याचा कागद त्यांनी काउंटरवर ठेवला. त्यावर हळकुंडाचं चित्र होतं आणि चित्रावर भलीमोठी फुली.

डागमास्तरांना भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी शिकलेला माणूस त्यांच्या बाजूने बोलणार होता.

"मास्तर, कोट हा एकच आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज जरा घोगरा येत होता. "उद्या साडेचारला येतो. आमच्या कपड्यांचं काम कोणाला तरी द्यायचंच आहे. कोट मनासारखा निघाला, तर कोट, चादरी, पडदे, सगळं तुमच्याकडे."

हॉस्पिटलचं काम! डागमास्तर गेली सहा वर्षं त्या कामावर डोळा ठेवून होते. आलं तर दुकान उभं राहणार होतं, गेलं तर समोरच्या नव्या लाँड्रीत जाणार होतं, आणि त्या दुकानदाराला शाई आणि काजळ यातला फरक कळत नव्हता. डागमास्तरांना त्या रात्री आनंदाने झोप आली नाही.

रविवारी सकाळी आठला त्यांनी कामाला सुरुवात केली. कोटाचं गाठोडं काल त्यांनी स्वतःच दोरीने करकचून बांधलं होतं, जपायचं म्हणून. गाठ सुटेना, म्हणून पातं घेतलं आणि पातं दोरीऐवजी अंगठ्यातून गेलं.

"आई गं!"

ही हाक ऐकून आई यायची शक्यता नव्हती, पण आत्या आली. मुठीत हळद घेऊनच आली.

"पडद्याच्या अलीकडे नाही!" डागमास्तर ओरडले.

"मग तू पलीकडे ये," आत्या म्हणाली आणि मनगट धरून तिने त्यांना पलीकडे ओढलं. चमचाभर हळद जखमेवर बसली. बायकोने जुन्या साडीची पट्टी फाडून वर अशी गुंडाळली की अंगठा वांग्याएवढा झाला.

"अहो, आता रक्त थांबेल."

"रक्त थांबेल गं, धंदा पण थांबेल!"

त्यांनी दोन्ही हातांत रबरी मोजे चढवले. वांग्यावर मोजा चढवायला तिघांना मिळून पाच मिनिटं लागली. मग त्यांनी कोट हातात घेतला. आधी खिसे, मग पाणी. पण अंगठा काही केल्या खिशात जाईना. डावा हात घालून बघता आला असता. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या खिशात काय असणार, बसची तिकिटं? त्यांनी पहिल्यांदाच नियम मोडला आणि कोट साबणाच्या पाण्यात सोडला.

दहा मिनिटांनी कोट वर काढला तर उजव्या खिशापाशी पंजाएवढा लालभडक डाग.

डागमास्तरांनी मोज्याकडे पाहिलं. मोज्याला अंगठ्यापाशी बारीक चीर होती. वांग्यावर ओढून चढवताना फाटला असणार. म्हणजे रक्त! आपलं रक्त डॉक्टरांच्या कोटाला! पण रक्ताला ते भीत नव्हते. रक्ताचा डाग म्हणजे त्यांना पाढ्यातला बे एके बे. गार पाणी आणि मीठ. त्यांनी साबण धुऊन टाकला, कोट गार पाण्यात घातला, वर मूठभर मीठ टाकलं आणि शीळ घालत उभे राहिले.

बाहेर काढला तर डाग पिवळा.

शीळ थांबली. साबणात लाल, साध्या पाण्यात पिवळा. ही लक्षणं सबंध जगात एकाच वस्तूची. रोज गिऱ्हाइकाला हेच तर ते बोट वर करून सांगायचे, की बाई, हळदीला साबण लावू नका, लाल होते.

"आत्या!"

"दुखतंय का?"

"तुझी हळद गळली! मोज्यातून गळली आणि कोटाला लागली!"

बायको धावत आली. डाग बघून तिने तोंडावर हात ठेवला. डागमास्तरांनी अंगठ्याची पट्टी सोडून फेकली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली, नवे मोजे घातले आणि कोट पुन्हा पाण्यात बुडवला. डाग वाढला. लिंबू पिळलं, डाग उजळला. लिंबू धुऊन काढलं, डाग आणखी चार बोटं खाली उतरला. हे मात्र त्यांच्या सगळ्या अनुभवात बसत नव्हतं. धुतल्यावर एक वेळ डाग जात नाही, पण वाढतो कसा?

"ब्लीच?" बायकोने विचारलं.

"आणि तो निळा धागा? हॉस्पिटलचं चिन्हच उडेल."

"मग सगळा कोटच पिवळा करू या. एकसारखा दिसेल तरी."

डागमास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तेवढ्यात फोन वाजला. मोठे डॉक्टर होते. आवाज कालच्यापेक्षा बसला होता, घशात कोणीतरी पत्रा ओढत असल्यासारखा.

"मास्तर, कोट... झाला?"

"होतोय, साहेब. अगदी... उजळलाय."

"बरं. आणि त्या कोटाच्या... नाही, राहू दे. साडेचारला येतो."

फोन ठेवला आणि डागमास्तर स्टुलावर बसले. अकरा वाजले होते. समोरचा दुकानदार दारात उभा राहून जांभया देत होता. तो उद्यापासून जांभया द्यायचा नाही, हे डागमास्तरांना स्पष्ट दिसलं आणि त्यांचा तोल गेला.

"चार महिने, आत्या! चार महिने मी मुकाट्याने पिवळं दूध प्यायलो. उशी पिवळी झाली, टॉवेल पिवळा झाला, मी बोललो नाही. आज तू माझं सहा वर्षांचं स्वप्न बुडवलंस. मूठभर हळदीपायी! जखम झाली होती ती मला झाली होती ना? होऊ द्यायची होतीस!"

आत्या एरवी एका वाक्याला दोन परत करणारी. आज ती नुसती बादलीकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण तेही तिने पदर न लावता तसेच ठेवले. बादलीतला कोट तिने उचलला, पिळला, आणि पिळता पिळता क्षणभर थांबली. मग कोट खांद्यावर टाकून जिना चढून गच्चीवर गेली.

डागमास्तरांनी तिला अडवलं नाही. आमच्याकडे कपडा उन्हात वाळत नाही, हा नियम आठवला, पण आता त्या कोटाचं काहीही होवो. त्यांनी कागद घेतला आणि माफीचं पत्र लिहायला बसले. ‘आदरणीय डॉक्टरसाहेब, कळवण्यास अत्यंत दुःख होते की’ इथपर्यंत मजकूर सहज आला. पुढे काय कळवायचं ते सुचेना. उजव्या अंगठ्यामुळे अक्षरही कोणा दुसऱ्याचंच वाटत होतं. चार कागद फाडले. जेवायला बायकोने दोनदा हाक मारली, गेले नाहीत. आत्याला फार बोललो, असं एक वाजता वाटलं. दोन वाजता फारच वाटलं. पण जिना चढायचा धीर होईना.

साडेचारला मोठे डॉक्टर दारात आले. डागमास्तर पाचवा कागद हातात घेऊन उठले.

"साहेब, एक कळवायचं होतं. अत्यंत दुःख होतं की..."

पडदा सरकला. बायको कोट घेऊन उभी होती. इस्त्री केलेला, कडक, पांढराशुभ्र. खिशापाशी डाग नव्हता. डागाची आठवण नव्हती. निळा धागा जिथल्या तिथे.

"...की तुम्हाला दुकानापर्यंत यावं लागलं," डागमास्तरांनी वाक्य पुरं केलं.

"अहो, उन्हाने गेला," बायको त्यांच्या कानाशी म्हणाली. "आत्याबाई पाच तास वर बसल्या होत्या. पाणी शिंपडायच्या, फिरवून घालायच्या. हळदीला ऊन सोसत नाही, म्हणाल्या. हे तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं त्यांना."

डागमास्तरांना माहीत नव्हतं. गरम हवेचं यंत्र आल्यापासून त्यांनी कपड्याला ऊन दाखवलंच नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि सवयीने उजवा हात खिशात घातला. हात आतल्या आत फिरला. त्यांचा चेहरा उतरला. दुसरा खिसा चाचपला. पहिला पुन्हा चाचपला.

"काही हरवलं का, साहेब?"

"नाही, नाही... काही नाही." हे शब्द नीट ऐकूही आले नाहीत. आवाज पुरता गेला होता. दीड तासावर भाषण आणि माणूस असा मुका! डागमास्तरांना त्यांची खरोखर दया आली.

तेव्हा पडद्यामागून आत्या आली. एका हातात वाफाळता पेला, दुसऱ्या हातात सुपारीएवढी कापडाची पुरचुंडी.

"खिशातली भिजली. ही नवीन बांधून दिलीय," तिने पुरचुंडी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. "आणि हे आधी गरम गरम घ्या. कोणी दिली होती ती? बायकोने?"

मोठे डॉक्टर पुरचुंडीकडे बघत राहिले. पिवळी पूड कापडातून बोटांना लागत होती.

"आईने," ते पुटपुटले. "पंचवीस वर्षं... प्रत्येक भाषणाआधी चिमूटभर."

मग त्यांनी काउंटरवरच्या कागदाकडे पाहिलं, हळकुंडावरच्या फुलीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "मास्तर, तो पडदा... जरा ओढून घेता?"

डागमास्तरांनी पडदा ओढला. पडद्याच्या पलीकडे उभं राहून हॉस्पिटलचे प्रमुख हळदीचं दूध शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. बाहेर आले तेव्हा बायकोने पुढे केलेल्या रुमालाने त्यांनी वरचा ओठ पुसला.

"बुधवारपासून आमची गाडी कपडे घेऊन येईल," ते म्हणाले. आवाजाला जरा धार आली होती. "एकच अट आहे. खिसे या बाईंनीच तपासायचे. आणि इथल्या कोणीही बाहेर काही सांगायचं नाही."

ते गेले. डागमास्तर बराच वेळ भिंतीवरचा पहिला नियम वाचत उभे राहिले.

"आत्या, तुला कोट पिळतानाच कळलं होतं?"

"हाताला लागलं ना."

"मग बोलली का नाहीस? मी एवढं तोंड टाकलं तुझ्यावर!"

"तू बोलत होतास ना. मध्ये कशाला बोलायचं?"

"चुकलो गं, आत्या. अगदी गाढवपणा झाला."

"असू दे. अंगठा दाखव."

त्यांनी निमूटपणे अंगठा पुढे केला. आत्याने पट्टी सोडली, चिमूटभर हळद दाबली आणि या वेळी स्वतः बांधली, आटोपशीर. हे सगळं पडद्याच्या अलीकडे झालं. कोणी हरकत घेतली नाही.

सहाला तिघंही हॉलमध्ये पहिल्या रांगेत होते. मोठे डॉक्टर पांढऱ्याशुभ्र कोटात उभे राहिले आणि हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत आवाज पोचवत म्हणाले, "जखम धुवा, स्वच्छ ठेवा, हळद भरू नका! इथे आहे का कोणी असं करणारं?" डागमास्तरांनी अंगठा हळूच खिशात घातला. या वेळी तो गेला.

"आणि घसा बसला की हळदीचं दूध!" डॉक्टर पुढे गरजले. "मी सांगतो, हा निव्वळ मनाचा खेळ आहे!"

डागमास्तरांनी चपापून आत्याकडे पाहिलं. ती मान डोलावत ऐकत होती. टाळ्या वाजल्या तेव्हा सगळ्यात जोरात तिच्याच वाजल्या.

"आत्या, अगं, तो काय म्हणतोय ते कळतंय ना तुला?"

"म्हणू दे रे," आत्या समाधानाने म्हणाली. "आवाज बघ कसा खणखणीत सुटलाय!"